स्त्रिया, स्थलांतर आणि कॉलेजचा कार्यक्रम : चिकोडीकडच्या एका प्राध्यापिकेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी तालुक्यातल्या एका पदवी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका विचारतात : "मार्चमध्ये तीन दिवसांचा कार्यक्रम घ्यायचाय. पहिला दिवस लिंगभाव, दुसरा स्त्रियांचे अनुभव, तिसरा स्थलांतरित कामगारांचे हक्क. गेल्या वर्षी मुलं हजेरीपुरती आली आणि बोलावलेल्या ऊसतोड बायका आल्याच नाहीत. प्राचार्य म्हणतात, काहीही करा पण वाद नको. वक्ते कोण बोलवावेत, भाषा कुठली ठेवावी, आणि यातून काही हाताला लागेल असं कसं करावं?"

मॅडम, आधी तारखेचं बोलू, कारण निम्मा घोळ तिथंच आहे.

आपल्याकडचे साखर कारखाने साधारण नोव्हेंबरात पेटतात आणि अलीकडे मार्च संपायच्या आत पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. तेव्हा 8 मार्चला ऊसतोड कामगारांची टोळी एक तर उसाचे शेवटचे फड उरकण्याच्या घाईत असते, नाहीतर भांडीकुंडी, शेरडं आणि पोरं ट्रॉलीत भरून बीडच्या वाटेला लागलेली असते. त्या दिवशी सभागृहात येऊन बसा म्हणणं म्हणजे लग्नघरच्या बाईला ऐन अक्षतांच्या वेळी शेजारी गप्पा मारायला बोलावण्यासारखं आहे. गेल्या वर्षी त्या आल्या नाहीत याचं मला काडीचंही नवल वाटत नाही. 1 मेला तर त्या जिल्ह्यातच नसतात. 18 डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिन हंगामाच्या भरात येतो खरा, पण डिसेंबरात बेळगावला सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतं. त्या दिवसांत पोलिसांकडे कसलीही परवानगी मागायला गेलात तर कार्यक्रम राहील बाजूला, तुम्ही कोणत्या संघटनेच्या याचीच चौकशी सुरू होईल. 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिनाच्या, आगेमागे काही ठेवू नये, हे तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा कार्यक्रम तोडा. बाहेरचं काम जानेवारीत करा, फडावर आणि वस्तीवर. सभागृहातला भाग 8 मार्चला ठेवा. तोवर मुलांच्या हातात सांगण्यासारखं काही जमलेलं असेल आणि हजेरीची काळजी आपोआप मिटेल.

दुसरं म्हणजे, तीन दिवसांना तीन विषय नकोत. लिंगभाव एका दिवशी आणि स्थलांतरित कामगार दुसऱ्या दिवशी असं वाटून घेतलं की पहिल्या दिवशी शहरातल्या बाईंचं व्याख्यान होतं, तिसऱ्या दिवशी कामगार खात्याच्या साहेबांचं होतं, आणि जिच्यात हे दोन्ही विषय एकत्र नांदतात ती बाई मधल्या दिवशी 'अनुभवकथन' म्हणून दहा मिनिटं उभी राहते. मला ही मांडणीच पटत नाही. विषय एकच ठेवा. तो कसा उलगडतो ते सांगते.

अथणीकडच्या एका फडावर आम्ही बी.ए.च्या मुलींना घेऊन गेलो होतो. मुकादम तसा बोलका माणूस. त्यानं आपली वही दाखवली. लाल पुठ्ठ्याची, कडा उसाच्या चिकट्यानं काळवंडलेल्या. पानावर रकाने आखलेले : नाव, गाव, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), खाडे (कामावर न आलेले दिवस), टन. प्रत्येक ओळीत एका गड्याचं नाव. एका मुलीनं बोटानं ओळी मोजल्या, मग समोरच्या फडात तोडणारी माणसं मोजली, आणि विचारलं, "मामा, माणसं तर दुप्पट हाईत. बायकांची नावं कुठं हाईत?" मुकादम हसून म्हणाला, "जोडीत आली की गं. एक कोयता म्हंजे नवरा-बायको." तिनं परत विचारलं, "मग खाडा पडला तर?" "तर जोडीचा." बाई बाळंत झाली म्हणून चार दिवस कोपीत, म्हणजे झोपडीत, राहिली तरी खाडा जोडीचाच, आणि त्याचा दंड उचलीत चढतो. टनाचे पैसे मात्र ओळीतल्या नावाला. तुमच्या तीन दिवसांचा सगळा मजकूर त्या एका पानावर होता. मुलीला तो कुणी समजावून सांगावा लागला नाही.

वर्गात परत आल्यावर फळ्यावर एक हिशेब मांडायला लावा. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमच्या भागातले खरे आकडे टोळीला विचारून घाला. समजा एका जोडीनं 1,00,000 रुपये उचल घेतली. टनाला 350 रुपये दर. दोघांनी मिळून दिवसाला 2 टन तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून दिली, तर दिवसाचे 700. उचल फिटायला 143 दिवस लागतात, तेही एक खाडा न पडता आणि आठवड्याच्या बाजाराला एक पैसा न घेता. आता मुलांना विचारा, कारखाना किती दिवस चालला? चार महिने धड चालत नाही. मग राहिलेली रक्कम जाते कुठं? पुढच्या वर्षाच्या उचलीत. आणि 700 ला दोनानं भागलं की एका माणसाचे 350 येतात, पहाटे चारला चूल पेटवल्यापासून रात्री गाडी भरेपर्यंतचे. त्या 350 शेजारी सरकारनं जाहीर केलेलं किमान वेतन लिहायला लावा. एवढं झालं की 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा शिकवायला पाच मिनिटं पुरतात. आशियाडच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये म्हटलंय की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणं हीसुद्धा घटनेच्या कलम 23 खालची सक्तीची मजुरीच. मुलं हे विसरत नाहीत, कारण भागाकार त्यांनी केलेला असतो.

गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय निघेलच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये या शस्त्रक्रियांचं प्रमाण इतकं मोठं दिसलं की 2019 मध्ये महाराष्ट्र सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. मात्र फडावर गेल्यावर कुठल्याही बाईला "तुमची पिशवी काढलीय का?" असं मुलांनी विचारायचं नाही, हे आधी बजावून न्या. पाळीचा त्रास, संडासाची सोय, खाड्याचा दंड यावर बोलणं निघालं की सांगणारी आपणहून सांगते, तीही बाईमाणसांतच. मुलग्यांनी तेवढ्या वेळात गाडी कशी भरतात ते बघावं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढून दाखवायला सांगा हवं तर.

जायची वेळ टोळीला विचारून ठरवा. तोडणी चालू असताना गेलात तर तुम्ही त्यांची मजुरी खाता. गाडी यायला उशीर झाला किंवा साफसफाईसाठी कारखाना थांबला की त्यांना उसंत मिळते. निपाणीकडच्या बिडी कामगारांचं वेगळं. त्या घरी बसून बिड्या वळतात, हजारावर मजुरी, वर छाट, म्हणजे नापास बिड्या, निघाली की ती वजा. बिड्या पोचत्या करून आल्यानंतरचा तासभर मोकळा सापडतो. निपाणीतच एक मावशी आमच्या सभेत बिड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. संयोजकांपैकी कुणीतरी म्हणालं, थोडा वेळ बाजूला ठेवा की. त्या म्हणाल्या, "तुमी बोला, माझं कान मोकळं हाईत." बसू द्यावं तसंच.

कॉलेजात बोलवायचं ठरलं तर येण्याजाण्याचा विचार कागदावर करा. 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, त्यामुळे निपाणीची बिडी कामगार किंवा खानापूरची गवंडीकाम करणारी बाई सहज येऊ शकते. बीडच्या बाईकडे आधार महाराष्ट्राचं. तिला कंडक्टर पूर्ण तिकीट फाडतो. तिच्या गावाकडं एसटीला अर्ध तिकीट आहे, पण ते तिकडं. तेव्हा कॉलेजची बस पाठवा. लहान पोरांसाठी एक खोली, दोन विद्यार्थिनी, चटई आणि दूध-बिस्किटं एवढं करा. आणि मानधन द्या. विद्यापीठातून आलेल्या वक्त्याला जेवढं देता तेवढंच, शाल-नारळावर भागवू नका. कचेरीतला क्लार्क म्हणेल पॅन कार्ड पाहिजे, बँक खातं पाहिजे. त्याच्याशी आठवडाभर आधी बोलून अंगठ्याच्या व्हाउचरची सोय करून ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी त्या बाईला खिडकीपुढं ताटकळत ठेवलंत तर सकाळची सगळी भाषणं वाया गेली असं समजा.

फोटोंबद्दल मी जरा हट्टी आहे. टोळीतल्या बाईचा चेहरा, मुकादमाचं नाव, कारखान्याचं नाव यातलं काहीही व्हॉट्सॲपवर जाता कामा नये. मुलांना यात काय बिघडतं ते कळत नाही, त्यांना सांगावं लागतं : बातमी छापून येते, टाळ्या पडतात, आणि पुढच्या हंगामात त्या जोडीला उचल मिळत नाही. हाच नियम सौंदत्तीकडच्या, एकेकाळी देवदासी म्हणून सोडलेल्या बायकांना. बेळगाव जिल्ह्यात स्त्रियांच्या अनुभवांचा कार्यक्रम म्हटला की कुणीतरी त्यांना स्टेजवर बसवून 'तुमची कहाणी सांगा' म्हणतंच. कर्नाटकात देवदासी बंदीचा कायदा 1982 मध्येच झाला. त्या बायकांना पेन्शन, घर, मुलींची लग्नं, वडिलांच्या नावाचा रकाना अशा आजच्या अडचणींवर बोलायचं असतं. जुनी जखम दरवर्षी नव्या प्रेक्षकांपुढं उघडून दाखवायची त्यांना हौस नसते. त्यांना कायद्याच्या अंमलबजावणीवर बोलायला बोलवा, जमत नसेल तर बोलवू नका.

भाषेचं उत्तर तुम्ही समजता त्याहून सोपं आहे. फलकावर कन्नड वर, मराठी खाली, दोन्ही ठसठशीत. यात कमीपणा नाही, आणि तुमचा कार्यक्रम फलकाच्या वादात बुडणार नाही. आत बसल्यावर मात्र बोलणारीची भाषा चालू द्या. टोळ्यांत मराठवाड्याची मराठी आहे, विजयपूर-कलबुर्गीकडचं कन्नड आहे, तांड्यावरच्या बंजाऱ्यांची गोरबोली आहे. बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्र्यांत गेलात तर बिहार-ओडिशाची पोरं हिंदीत बोलतात. हे सगळं पेलणारा माणूस बाहेरून आणायची गरज नाही. घरी मराठी, शाळेत कन्नड, मोबाइलवर हिंदी अशी मुलं आपल्या प्रत्येक बाकावर आहेत. एरवी या तीन भाषांचं आपल्याकडं नुसतं भांडण होतं, तुम्ही त्यांना कामाला लावा. दोन-दोन मुलांच्या जोड्या करा, प्रत्येक बोलणारीमागे एक जोडी, आणि आदल्या दिवशी उचल, खाडा, किमान वेतन, तक्रार समिती असे शब्द दोन्ही भाषांत घोटून घ्या.

वक्ते कमी बोलवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र द्या, तिथून माणूस येतो, मानधनाचा प्रश्न नसतो, आणि पत्रिकेवर त्यांचं नाव असलं की प्राचार्यांचा जीव भांड्यात पडतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, वेठबिगारीत सापडलेल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे सांगायला त्यांच्याहून अधिकारी माणूस नाही. त्यांचा 15100 हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात दिवसभर राहू द्या.

कामगार कायद्यावर बोलणारा मात्र जुनी टिपणं वाचणारा नको. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्रानं चार कामगार संहिता लागू केल्या. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा आणि 1966 चा बिडी कामगारांचा कायदा सुरक्षा-आरोग्याच्या संहितेत गेले, 1976 चा समान वेतनाचा कायदा वेतन संहितेत गेला. जुन्या कायद्यात ठेकेदारामार्फत आलेलाच स्थलांतरित धरला जाई. नव्या व्याख्येत महिना 18,000 रुपयांपर्यंत मजुरी असलेला आणि स्वतःहून परराज्यात आलेलाही येतो. दुसऱ्या बाजूला, पूर्वी असे पाच कामगार असले की कायदा लागू व्हायचा, आता दहा लागतात. कामगार कायद्यावर बोलायला आलेल्या साहेबांना मुलांनी थेट विचारावं : ऊसतोड बाईचा मालक कोण? कारखाना मुकादमाकडं बोट दाखवतो, मुकादम वाहनमालकाकडं, वाहनमालक कारखान्याकडं. यावर जी चर्चा होईल ती तासाभराच्या भाषणाहून जास्त शिकवेल.

आता घरचं. लिंगभावाचा कार्यक्रम घेणाऱ्या कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती जिवंत आहे का, हे आधी बघा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे नियम दोन्ही लागू आहेत. प्रकरणात विद्यार्थी असतील तर समितीवर निवडून आलेले तीन विद्यार्थी हवेत, बाहेरची एक सदस्य हवी, आणि निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. 2015 च्या नियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही लैंगिक छळाला बळी पडू शकतात हे स्पष्ट म्हटलंय, हे मुलग्यांना सांगा, ते पहिल्यांदाच कान टवकारतात. अनेक कॉलेजांत जिन्याखालच्या फलकावर समितीची नावं असतात आणि त्यातल्या एक-दोन बाई निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडं गेलेल्या असतात. 8 मार्चला भाषणाऐवजी ती नावं बदला, विद्यार्थी सदस्यांची निवडणूक घ्या. शिवाय समितीच्या कक्षेत कॅन्टीनमध्ये भांडी घासणारी आणि ठेकेदाराची झाडूवाली बाईसुद्धा येते. तिला हे कुणी सांगितलेलं नसतं, तर विद्यार्थ्यांकडूनच सांगा. दहाहून कमी माणसांच्या ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी आणि घरकामगारांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, हेही त्यात यावं.

मुलं हसतात, कुजबुजतात ही तुमची तक्रार सगळीकडची आहे. 'स्त्री-पुरुष समानता' म्हटलं की मागचे बाक बंद होतात. मी पहिल्या तासाला भिंतीवर नकाशा लावते आणि सांगते, तुमच्या घरातून, भावकीतून कोण कुठं कामाला गेलंय तिथं टाचणी लावा. खानापूरची मुलं गोव्यात लावतात, चंदगडच्या हद्दीवरची मुंबईत लावतात. आजोबा गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर परत आले, असं कुणीतरी सांगतं. मग विचारायचं, हे बाहेर असताना घरची शेती कुणी केली आणि सातबारा किंवा उतारा कुणाच्या नावावर आहे? इथं मागच्या बाकावरचा मुलगा आपल्या आजीबद्दल बोलायला लागतो. स्थलांतरित म्हणजे कोपीतले परके लोक, ही समजूत तिथं निम्मी गळते.

निपाणी जवळ असल्याचा फायदा घ्या. 1981 चं तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचं, शरद जोशींचं आंदोलन तिथं सगळ्यांना पाठ आहे. त्याच काळात वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, खोकत काम करणाऱ्या बायका संघटित झाल्या, हे त्यांच्या नातवंडांनाही माहीत नसतं. छाया दातार यांनी त्यांच्यावर अभ्यास केलाय. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट-गटानं 1982 मध्ये त्याच बायकांबरोबर मराठीत माहितीपट केला, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. तो दाखवा, आणि त्या वखारीत काम केलेली एखादी आजी सापडली तर तिला शेजारी बसवा. पडद्यावरच्या गल्ल्या ओळखीच्या निघाल्या की पोरं गप्प बसतात.

हाताला काय लागेल म्हणता, तर जानेवारीत मुलांकडून तीन कामं करून घ्या. टोळीतल्या शाळेच्या वयाच्या मुलांची यादी करून जवळच्या सरकारी मराठी शाळेत न्यायचं. मराठी शाळा आपल्याच भागात आहेत, त्या बीडच्या पोरांना उपयोगी पडू देत. दाखला नाही म्हणून मुख्याध्यापकांना नाही म्हणता येत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे. गरोदर बायकांना आशाताई आणि अंगणवाडीशी गाठ घालून द्यायची. आरोग्य केंद्रात 'तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बायकांचं कार्ड) कुठाय?' म्हणून विचारतात, त्या बाईकडं महाराष्ट्राचं कार्ड असतं आणि ती तिथूनच परत फिरते. सोबत कन्नड बोलणारी विद्यार्थिनी असली की एवढ्यावर काम अडत नाही. तिसरं, रेशन. एक देश एक रेशन कार्डमुळे तिला इथंही धान्य घेता येतं आणि मागे राहिलेल्या सासूला गावाकडं तिच्या वाट्याचं मिळतं. दुकानदार टाळतो तेव्हा दोन विद्यार्थी शेजारी उभे असावेत. ई-श्रमची, म्हणजे केंद्राच्या असंघटित कामगारांच्या यादीतली, नोंदणी हवी तर करा, पण तिचा लगेच काही लाभ होतो असं आश्वासन देऊ नका.

प्राचार्यांना अर्ज देताना 'स्थलांतरित कामगारांचे प्रश्न' असं शीर्षक टाकू नका. 'विधी साक्षरता आणि क्षेत्रभेट, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने' असं लिहा आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत बसवा. कारखान्याच्या संचालकांपैकी कुणी तुमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे का, हेही अर्जाआधी बघून घ्या. असेल तर फडाची भेट दुसऱ्या तालुक्यात ठरवा, मग चहा पिता पिता परवानगी मिळते.